वरच्या मजल्याची चटणी

अन्याय दिसला की माणसाचं रक्त आपोआप उसळतं, त्यासाठी शिकवणी लावावी लागत नाही, असं मी शाळकरी वयात वक्तृत्व स्पर्धांमधून तीनदा ठणकावून सांगितलं आहे आणि त्यातल्या दोनदा बक्षीस घेतलं आहे. मात्र मी तेव्हा दोहातल्या ज्या चार मजली इमारतीत राहत होते, तिथे रक्त उसळण्याची रीत जरा निराळी होती. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये इनामदार काका सुलभा काकूंना मारायला लागले की आई स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची. समोरच्या लाहोरच्या खाला व्हॅक्यूम क्लीनर बाहेर काढायच्या. तळमजल्यावरचे केरळी अंकल टीव्हीवरची भजनं मोठी करायचे. काका कामावरून साडेसहाला येत, हातपाय धुऊन पावणेसातला सुरुवात करत आणि साडेसातला जेवायला बसत. एखादा नवखा पाहुणा त्या वेळी जिन्यात उभा राहिला असता तर त्याला वाटलं असतं, किती स्वच्छ, धार्मिक आणि खवय्या लोकांची ही इमारत आहे!

रिकामा मिक्सर फिरवणं आईच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे आमच्याकडे चटणीला कधी तोटा पडला नाही. सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून बाबा सुकं खोबरं, तीळ आणि लाल मिरच्या आणत. जवस आणि कारळे नाशिकहून येत. चटणी कोरडीच लागे, कारण ओल्या चटणीला मिक्सर पुरेसा आवाज करत नाही. लसूण-खोबऱ्याची तीन-चार मिनिटांत होते; ती साध्या थपडांची. जवस आधी भाजून घ्यावे लागतात, म्हणून ते ज्या दिवशी सुरुवात शिव्यांनी होई आणि जरा वेळ मिळे त्या दिवशी. शेंगदाण्याची चटणी थांबत थांबत फिरवावी लागते, नाहीतर तेल सुटतं. ती आई टाळायची, कारण मधल्या थांबण्यात ऐकू येई. मी आजही कुणाकडे जेवायला गेले आणि पानात तीन प्रकारच्या कोरड्या चटण्या दिसल्या की नकळत छताकडे बघते.

ऐकू काय येई तेही सांगायला हवं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काकांचा आवाज. चढलेला नव्हे, समजावणीचा, मुलाला गणित समजावून सांगावं तसा. मग एक धप्प, भिजलेली सतरंजी फरशीवर टाकावी तसा. मग आणखी दोन. मग एखादं भांडं. काकूंचा आवाज कधीच येत नसे. एकदा काहीतरी एवढं जड आपटलं की आमच्या हॉलमधली ट्यूब लुकलुकली, आणि बाबा वर न बघता म्हणाले, "स्टार्टर सैल झालाय वाटतं." दुसऱ्या दिवशी काकू विरजण मागायला खाली आल्या तेव्हा त्यांचा पुढचा दात अर्धा नव्हता. "सुपारी गं," त्या म्हणाल्या. आईनं त्यांना विरजण दिलं आणि चटणीची एक बरणीही दिली.

इनामदार काका दिसायला राक्षस असते तर सोपं झालं असतं. ते नीटनेटके, हसतमुख गृहस्थ होते, एका बांधकाम कंपनीत सेफ्टी मॅनेजर. त्यांच्या साइटच्या दारावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक होता आणि तो आकडा ते गप्पांमध्ये सहज सांगत, जसे काही लोक आपलं कोलेस्टेरॉल सांगतात. मला सायकल त्यांनीच शिकवली, हेल्मेटचा पट्टा स्वतः बांधून. शिवाय ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. आसपासच्या तीस-चाळीस मराठी कुटुंबांचं ते छोटं मंडळ होतं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण ते फार लांब आहे आणि त्यात 'संस्कार' हा शब्द दोनदा येतो.

आता दुसरी गोष्ट. नववीत आम्हाला समाजसेवेचे चाळीस तास भरावे लागत. सेवा तासांवर भरता येते हे ज्ञान मला तेव्हा झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं की दोहात राहणाऱ्या काळ्या अमेरिकन बायकांचा एक गट दर शनिवारी एका शाळेच्या जिममध्ये काम करतो, तिथे तासांवर सही मिळते आणि खायलाही मिळतं. मुलीला एकटीला पाठवायचं नाही म्हणून आई सोबत आली. पहिल्या दिवशी जिममधून बाहेर पडताना ती मला हळूच म्हणाली, "काळ्या आहेत गं सगळ्या." आम्ही दोघी मायलेकी वाळवलेल्या मिऱ्यांच्या रंगाच्या आहोत. पण तिला त्या दिवशी तसं म्हणावंसं वाटलं, हे खरं आहे आणि म्हणून लिहिते.

त्या वीस-बावीस जणी होत्या. शिक्षिका, नर्सेस, एक वकील, काही सैनिकांच्या बायका. सगळ्यांच्या गळ्यात हळदी रंगाचा स्कार्फ. सुरुवातीला हजेरी होई, प्रत्येकीला 'सिस्टर' लावून आडनावानं पुकारत, आणि काय ठरलं ते एकजण लगेच वहीत उतरवून घेई. हारतुरे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, प्रास्ताविक नाही. मला कितीतरी वेळ वाटत राहिलं की कार्यक्रम अजून सुरूच व्हायचा आहे, आणि तोवर अर्धं काम झालेलं असे. पहिल्या तासात आम्ही लोकांच्या घरी काम करणाऱ्या बायकांसाठी पिशव्या भरायचो: टॉवेल, साबण, पॅड्स, फोनचं कार्ड. मदतीचे फोन नंबर साबणाच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला लिहिलेले असत, कारण मालकांच्या घरी पिशव्या तपासल्या जातात. हे ज्या बाईला सुचलं तिला मी माझ्या आयुष्यातल्या सर्व प्रमुख पाहुण्यांच्या वर बसवते.

दुसरा तास मारामारीचा. तो घेत कोच व्हर्नेल, दुसऱ्या एका शाळेत पीटी शिकवणाऱ्या, दारात उभ्या राहिल्या तर उजेड अडेल एवढ्या उंच. "यल्ला, लेडीज!" असं अरबीत 'चला' म्हणून त्या टाळी वाजवत आणि सगळ्यांना ओळीनं जाडजूड गादीसमोर उभं करत. मूठ वळायची नाही, बोटं मोडतात. तळहाताचा मनगटाजवळचा जो टणक भाग असतो, तो खालून वर, नाकाखाली. आणि मारताना पोटातून ओरडायचं, "नो!" घरकाम करणाऱ्या ज्या फिलिपिनो बायका शिकायला येत, त्या झकास ओरडत. केनियाची एक मुलगी अशी ओरडायची की कबुतरं उडत. आईची पाळी आली की ती गादीला हळूच हात लावून म्हणे, "नको हो." आणि वर, "सॉरी."

"मिसेस खैरनार," कोच म्हणायच्या, "ही गादी आहे. गादीची माफी मागायची नसते."

"सवय आहे," आई इंग्रजीत म्हणाली. "पुढच्या वेळी नाही."

पुढच्या वेळीही ती सॉरी म्हणाली. मार मात्र हळूहळू जोरात बसू लागला.

मग सगळ्या आपापले डबे उघडत. मक्याचा पाव, चीज घालून भाजलेली मॅकरोनी, मंद आचेवर तासन् तास शिजवलेला पाला, जो आईला चक्क आपल्या माठासारखा लागला. आई दर शनिवारी एक चटणीची बरणी नेई. या गटाच्या प्रमुख मिस डेलोरेस, सैन्यातून निवृत्त झालेल्या नर्स, साठीच्या, बारीक चणीच्या, मक्याच्या पावाला लोणी लावून त्यावर आमची लसणीची चटणी पसरत आणि डोळे मिटून खात. एका शनिवारी त्या मला म्हणाल्या, "तुझ्या आईला चटणी करायला भारी आवडतं, नाही का?"

"नाही, मिस डी," मी म्हणाले. "वरचे अंकल आंटींना मारतात तेव्हा ती करते. म्हणजे आम्हाला ऐकू येत नाही."

मी हे कृती सांगावी तसं सांगितलं. चौदा वर्षांची होते. मला ती खरंच कृतीच वाटत होती. टेबलाखाली आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की त्याचा काळानिळा डाग आठवडाभर राहिला. मिस डेलोरेसनी पाव खाली ठेवला. रुमालाला एकेक बोट पुसलं. मग त्या माझ्याकडे नाही, आईकडे बघून म्हणाल्या, "या महिन्यात किती बरण्या?"

आईनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "अकरा."

त्यावर कुणी 'अरे बापरे' म्हटलं नाही. मिस डेलोरेसनी सांगितलं ते एवढंच: त्यांची आजी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ज्या गावात राहत होती तिथे पोलीस बोलावण्यात अर्थ नसे, पोलीस आले की ते आणखी एकदोघांना बडवून जात. म्हणून चर्चमधल्या बायकांनी मंडळ काढलं आणि वही ठेवली. कुणाला, कधी, कशानं, कुणी मारलं. वही वर्षानुवर्षं कुणी विचारली नाही. एके दिवशी विचारली, तेव्हा ती होती. "तुमच्याकडे कान आहेत," त्या आईला म्हणाल्या. "आणि तुम्ही ते मसाला कुटायला वापरताय." मग त्यांनी पिशव्यांच्या ढिगातून एक साधी वही काढून दिली. "एक नियम. निघायचं कधी, ते ती ठरवणार. तुम्ही नाही, मी नाही. ती."

पुढच्या सोमवारी पावणेसातला खुर्ची सरकली. आई उठली, मिक्सरपर्यंत गेली आणि त्याची वायर भिंतीतून काढून परत येऊन बसली. बाबांनी रिमोट उचलला. आईनं तो त्यांच्या हातातून घेतला. "ऐक," ती म्हणाली. बाबांना ती कधी एकेरीत बोलत नसे.

आम्ही ऐकलं. एकोणीस मिनिटं. मिक्सरशिवाय ते किती स्वच्छ ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती. पट्ट्याचं बक्कल कुठे लागलं आणि चामडं कुठे लागलं हे वेगळं कळत होतं. मध्ये एकदा काहीतरी फरफटत आमच्या डोक्यावरून स्वयंपाकघराकडे गेलं, आणि आमच्या तिघांच्या माना त्याबरोबर वळल्या. आई वेळा लिहीत होती. बाबा घामेजले होते. एसी चालू होता. शेवटी ते म्हणाले, "उद्या तो माझ्या प्लांटवर ऑडिटला येतो, माहितीये ना तुला? लोकांच्या घरात नाक खुपसून माझी नोकरी घालवशील." आई म्हणाली, "बरं." आणि लिहिलं: सात वाजून चार, संपलं. त्या रात्री जेवणात चटणी नव्हती, आणि तिघांपैकी कुणीच मागितली नाही.

वही घेऊन आई एका सकाळी वर गेली, मीही गेले. काकू चिडतील, रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला, वही शांतपणे वाचली आणि पेन मागितलं.

"हे सातला नव्हतं, पावणेसातला," त्या म्हणाल्या. "आणि गुरुवारचं लिहिलंच नाहीस तू."

"गुरुवारी काही ऐकू आलं नाही हो."

"गळा दाबल्याचा आवाज खाली येत नाही ना." त्यांनी गुरुवार लिहिला. अक्षर फार सुंदर होतं. मग म्हणाल्या, "रेवाची परीक्षा संपू दे. तेवीस दिवस राहिलेत. तिला कळलं तर पेपर टाकून येईल ती पोरगी. एकदा शेवटचा पेपर झाला की खलास, मी निघाले." रेवा त्यांची मुलगी, पुण्यात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. सुट्टीत ती घरी यायची तेव्हा काका हात आवरून असत. त्या दिवसापासून काकूंची एक पिशवी मिस डेलोरेसच्या घरी भरून तयार राहिली, आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई रोज एक बारीक टिंब देऊ लागली. तेवीस दिवस जिवंत राहायचं, एवढाच बेत होता.

याच दिवसांत मंडळाचा महिला दिन आला. प्रमुख पाहुण्या मिळत नव्हत्या. आपली बायको अमेरिकन लेडीजच्या संस्थेत जाते, हे बाबांच्या तोंडून कधीतरी निसटलं होतं, आणि काका आमंत्रणपत्र घेऊन स्वतः आमच्याकडे आले. सोफ्यावर बसले. आईनं थालीपीठ दिलं, सोबत जुनी उरलेली चटणी.

"वहिनी, चटणी फर्मास," काका म्हणाले. "काय हात आहे तुमचा!"

"सगळं तुमच्यामुळेच होतं, भाऊजी," आई म्हणाली.

त्यांनी विनय समजून मान डोलावली.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी वरून दार आपटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर, आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, एक बारीक कुं असा आवाज. आईनं वहीत लिहिलं, 'दार. हात?' दुसऱ्या दिवशी काकूंच्या डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. "कणीक मळताना," त्यांनी खालांना सांगितलं. आईला काहीच सांगितलं नाही, नुसती बोटं दाखवली. ती वाटाण्याच्या शेंगांसारखी फुगली होती. दवाखान्यात चला म्हणून आई मागे लागली. दवाखान्यात विचारतील, काकू म्हणाल्या, आणि अजून चौदा दिवस आहेत.

एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. दीडशे माणसं, व्यासपीठावर थर्माकोलची सिंहासनं, मागे फ्लेक्सवर काकांचा फोटो महिलांपेक्षा मोठा. काका रेशमी शेरवानी आणि फेट्यात. बोलता बोलता व्यासपीठावर फिरता यावं म्हणून त्यांनी खास कॉलरला लावायचा बिनतारी माइक मागवला होता. दारात हळदी स्कार्फ दिसले तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर गोंधळला. "अरे," ते बाबांच्या कानात म्हणाले, "मला वाटलं अमेरिकन येणार." मग हसून दोन्ही हात जोडून पुढे झाले. वीस मिनिटं ते स्त्रीशक्तीवर बोलले. मिस डेलोरेस आणि कोच व्हर्नेल ताठ बसून ऐकत होत्या, एक अक्षर न कळता. त्यांची अवस्था मराठी कळणाऱ्यांपेक्षा बरी होती.

मग औक्षण. ते अध्यक्षांच्या पत्नीनं करायचं ही मंडळाची रीत, आणि तबक चांदीचं, दोन्ही हातांनी पेलायचं. काकूंनी माझ्याकडे फोन दिला होता. "मनू, रेवा लाइनवर आहे, तिला दाखव गं. परीक्षेच्या टेन्शनमध्ये आहे, आईला नटलेली बघून हसेल जरा." मी पहिल्या रांगेत फोन उंच धरून उभी होते. पडद्यावर होस्टेलच्या खोलीतली रेवाताई खरंच हसत होती. काकूंनी तबक उचललं, एकदा ओवाळलं, आणि दुसऱ्या वेळी डावा हात मनगटातून नुसता लोळागोळा झाला. तबक मिस डेलोरेसच्या मांडीवर, निरांजन जमिनीवर, तेल सगळीकडे. मिस डेलोरेसनी कपड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला, हस्तांदोलन करावं तसा, आणि अंगठा हाडावरून हळूच फिरवला. काकूंच्या कपाळावर घाम डवरला.

"नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम," काका हसत म्हणाले. "स्मॉल इन्सिडेंट." आणि काकूंना कोपराला धरून ते रंगमंचामागच्या खोलीत घेऊन गेले.

कॉलरवरचा माइक चालूच होता.

आधी दार लागल्याचा आवाज आला. मग तो समजावणीचा आवाज, पण आता हॉलच्या चारही कोपऱ्यांतून: "एक तबक धरता येत नाही? एक? त्या काळ्या बायकांसमोर?" लाउडस्पीकरवर थप्पड फार मोठी वाजते. दुसरी त्याहून मोठी. मग काहीतरी भिंतीवर आदळलं आणि खरखर झाली. आणि मग, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा, मार खाताना काकूंना बोलताना ऐकलं: "तो नको, तो मोडलाय आधीच, सोडा हो, मोडलाय..." त्यापुढचा आवाज माणसाचा नव्हता.

आमच्या निवेदिका अनुभवी होत्या. त्यांनी एका क्षणात ध्वनियंत्रणेवाल्याला खूण केली आणि लेझमीचं गाणं पूर्ण आवाजात सुरू झालं. लोकांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. कुणी कुणी टाळ्यांचा ठेकाही धरला. आई उठली. कडेच्या टेबलापर्यंत चालत गेली, गाणं वाजवणाऱ्या लॅपटॉपची वायर तिनं हिसडा मारून उपटली, आणि लाउडस्पीकरवर पुन्हा ते मारणं उरलं. "ऐका," आई दीडशे जणांना म्हणाली. मराठी न येणाऱ्या दोघी तोवर व्यासपीठाच्या पायऱ्यांवर पोहोचल्या होत्या. मराठी येणारे सगळे खुर्च्यांवर होते.

माझ्या हातातल्या फोनवर रेवाताई हसत नव्हती. तिनं कान पडद्याला लावल्यासारखा वळवला होता. मला नुसता एक कान आणि केसांची बट दिसत होती. फोन बंद करायचा लाल गोल माझ्या अंगठ्याखाली होता. काकू ज्यासाठी तेवीस दिवस मोजत होत्या ते वाचवायला एक बोट दाबणं पुरे होतं, आणि मला ते पूर्ण कळत होतं. मी दाबलं नाही. बरोबर केलं की चूक, याचा हिशेब मी पुढे बरीच वर्षं केला; मग सोडून दिला. मी फोन तसाच धरून आईमागे धावले.

दार आईनं उघडलं. काकांनी काकूंना भिंतीशी दाबून तोच हात पाठीमागे पिरगळला होता. कोण आलं हे न बघताच त्यांनी दुसऱ्या हाताची उलटी थप्पड मारली, ती आईच्या तोंडावर बसली. ओठ फुटला, रक्ताचा एक थेंब माझ्या फ्रॉकवर आला. आई एक पाऊल मागे गेली. मग तिनं तळहाताचा टणक भाग खालून वर आणला. कडकन काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, फेटा मागे उडाला आणि काका आरशाखालच्या टेबलावर बसले. शेरवानीवर रक्ताची धार लागली.

"सॉरी," आई म्हणाली. हेही हॉलभर ऐकू गेलं.

त्यानंतर मात्र मंडळाची कार्यकारिणी धावत आली, अध्यक्षांना वाचवायला. कोच व्हर्नेल दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्यांनी कुणाला बोटही लावलं नाही, नुसता उजेड अडवला. मिस डेलोरेसनी काकूंना खुर्चीवर बसवलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांना द्यायचं म्हणून टेबलावर ठेवलेलं जाड कागदाचं सोनेरी मानपत्र उचलून त्याची सुरळी उलगडली, दुमडली आणि मनगटाखाली धरून हळदी स्कार्फनं आवळून बांधली. मानपत्राचा इतका चोख उपयोग मी नंतर कुठे पाहिला नाही. सत्काराची शाल त्यांनी काकांकडे टाकली. "मान मागे टाकू नका," त्या नर्सच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "पुढे वाका, नाहीतर रक्त गिळाल."

माझ्या हातातून आवाज आला, "आई."

काकूंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं त्या मला मारतील, आणि ते योग्यच झालं असतं.

"रेवा, तुझे पेपर..."

"आई, निघ."

"बाराच दिवस गं बाळा..."

"आत्ता निघ. पेपर मी देते. तू निघ."

काकूंनी उजव्या हातानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून आईच्या हातात दिला. "पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे, साड्यांखाली," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडेच होती." आणि मिस डेलोरेसकडे वळून इंग्रजीत एकच शब्द: "टुडे." मिस डेलोरेसनी मान हलवली, जणू कुणी गाडीची वेळ सांगितली.

मनगट दोन ठिकाणी मोडलेलं होतं. एक्स-रेमध्ये एका बरगडीवर जुनी, आपोआप सांधलेली चीरही दिसली. चार दिवस काकू मिस डेलोरेसकडे राहिल्या, पाचव्या दिवशी विमानात बसल्या. आईच्या ओठाला दोन टाके पडले. वही काकूंबरोबर गेली आणि पुण्यातल्या कोर्टात तिच्यातलं पान न् पान वाचलं गेलं, गुरुवारसकट. रेवाताईचा एक विषय राहिला, तो तिनं पुढच्या खेपेला काढला. काकू आता तिच्याजवळच राहतात आणि एका शाळेत हस्ताक्षराचे वर्ग घेतात. माझे चाळीस तास भरले. मिस डेलोरेसनी सही करताना त्या संध्याकाळचे तीन तास धरले नाहीत. तो मंडळाचा कार्यक्रम होता, आमचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

मंडळानं आठवड्याभरात सर्व सभासदांना पत्रक पाठवलं. त्यात महिला दिनी ध्वनियंत्रणेत झालेल्या बिघाडाबद्दल दिलगिरी होती. टाके काढून आणताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "तू एकदम नाकावर मारायला नको होतं." आई खिडकीतून बाहेर बघत होती. मी मागे बसून त्या दोघांच्या मानांकडे पाहत होते, आणि मला वाटत होतं की आमच्या घरात काहीतरी कायमचं बदललं आहे.

बाबा गेल्यावर त्यांच्या फायली मी आवरल्या. त्यात त्या महिला दिनानंतरच्या मंडळाच्या निवडणुकीचे कागद सापडले. अध्यक्षपदासाठी एकच अर्ज आला होता, इनामदार काकांचा, आणि ते बिनविरोध निवडून आले. सूचक म्हणून खाली माझ्या बाबांची सही आहे.